ब्रह्मकरमळी ते करमळी : देवांच्या वाटेने उलट प्रवास

गोमंतकात एकाच नावाची दोन गावे असणे हे नवल नव्हे. परंतु सत्तरीतील ब्रह्मकरमळी आणि तिसवाडीतील करमळी, किंवा डिचोली महालातील नार्वे आणि दिवाडी बेटावरील नार्वे, ह्या जोड्या योगायोगाने पडलेल्या नाहीत. सोळाव्या शतकात तिसवाडीतून देव उठले, नदीपार गेले आणि नव्या ठिकाणी बसले. ज्यांनी ते देव नेले त्यांना आपले घर, शेत, कुळागर काहीच बरोबर नेता आले नाही. नाव मात्र नेता आले. म्हणून सह्याद्रीच्या पायथ्याशी, वाळपईहून सुमारे सात किलोमीटरवर, एका रानवट गावाच्या नावात आजही मांडवीकाठची करमळी नांदत आहे.

अंत्रुज महालातील मंगेश, महालसा, शांतादुर्गा ह्यांच्या स्थलांतराची कथा आपल्या घरोघर सांगितली जाते. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास आला, वेर्ण्याची महालसा म्हार्दोळास आली, हे लहान मूलही सांगेल. सत्तरी आणि डिचोलीकडे आलेल्या देवांचा उल्लेख त्या मानाने कमी होतो, आणि झाला तरी एका वाक्यात आटोपतो. शिवाय आजकाल दर्शनास जाण्याची रीतच अशी झाली आहे की मुंबईची वा पुण्याची मंडळी मोटारीने एका देवळाच्या अंगणातून निघून दुसऱ्याच्या अंगणात उतरतात. मधली वाट काचेबाहेर राहते. ज्या वाटेने आपल्या पूर्वजांनी देव नेला, तिचा चढ किती, तिच्यावर पाणी कोठे लागते, नदी कोठे ओलांडावी लागते, ह्याची जाणीव त्यांना होत नाही. पायी चालण्यास आज कोणाला सवड नाही. तेव्हा मोटार आणि पाऊल ह्यांच्या मधले जे एक वाहन आहे, त्याचा विचार करावा असे आम्हांस वाटते. ते वाहन म्हणजे सायकल.

सायकलीवरून गावोगाव हिंडून आपला देश पाहण्याची रीत प्रथम संघटितपणे रुजली ती इंग्लंडात. यॉर्कशायर परगण्यातील हॅरोगेट येथे ५ ऑगस्ट १८७८ रोजी स्टॅन्ली कॉटरेल ह्या तरुणाच्या पुढाकाराने सायकलप्रवाशांचा एक क्लब स्थापन झाला. १८८३ पासून तो सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब ह्या नावाने ओळखला जाऊ लागला. त्या वेळची सायकल म्हणजे पुढे छातीएवढे उंच चाक, मागे वीतभर चाक आणि वर तोल सांभाळीत बसलेला साहसी तरुण. १८८५ साली कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली ह्याने दोन्ही चाके जवळजवळ सारखी असलेली, साखळीने मागचे चाक फिरवणारी सायकल बाजारात आणली. १८८८ साली बेलफास्ट येथे डनलॉपने हवेचा टायर काढला. आणि मग वृद्ध, स्त्रिया, कारकून, शिक्षक, सर्वांनाच हे वाहन साधू लागले. १८९९ साली ह्या क्लबाची सभासदसंख्या साठ हजारांवर गेली होती.

त्या क्लबाने केलेली कामे पाहिली म्हणजे कौतुक वाटते. आगगाडी आल्यावर इंग्लंडातील घोडागाड्यांचे हमरस्ते ओस पडले होते आणि त्यांच्या काठच्या धर्मशाळावजा खाणावळी बंद पडू लागल्या होत्या. सायकलस्वारांनी त्या पुन्हा जागत्या केल्या. जेथे वाजवी दरात जेवण आणि निवारा मिळे, त्या घराच्या भिंतीवर क्लबाची पंखयुक्त चाकाची लोखंडी मुद्रा लागे. अवघड उताराच्या माथ्यावर धोक्याच्या पाट्या लावल्या गेल्या. रस्ते सुधारावेत म्हणून १८८६ साली सायकलस्वारांनीच एक वेगळी संस्था उभारली. मोटारी पुढे ज्या रस्त्यांवर ऐटीत धावू लागल्या, त्या रस्त्यांसाठी पहिली तक्रार सायकलवाल्यांनी केली होती, ही गोष्ट आज कोणाच्या लक्षात नाही.

हे सायकलस्वार पाहावयास काय जात? लाटांसारख्या उठणाऱ्या बसणाऱ्या हिरव्या टेकड्या, दगडी कुंपणे, गावातले जुने चर्च, आणि भग्न मठ. हॅरोगेटच्या जवळच फाउंटन्स नावाचा एक प्रसिद्ध मठ आहे. ११३२ साली स्थापन झालेला हा ख्रिस्ती साधूंचा मठ १५३९ साली राजा आठव्या हेन्रीच्या अधिकाऱ्यांच्या हाती गेला. १५३६ ते १५४० ह्या चार वर्षांत त्या राजाने इंग्लंडातील मठ एकामागून एक मोडून काढले, त्यांच्या जमिनी घेऊन विकल्या, छपरावरचे शिसे उतरवून वितळविले. उरल्या त्या छपराविना भिंती आणि कमानी. त्यांच्या सावलीत बसून इंग्रज सायकलस्वार आपली शिदोरी खातो.

आता सनाकडे लक्ष द्यावे. १५३९ साली फाउंटन्सचा मठ मोडला, आणि १५४० साली पोर्तुगिजांनी तिसवाडी बेटावरील देवळे पाडली; पुढच्याच वर्षी, १५४१ साली, त्या देवळांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चकडे वळविण्यात आले. दोन घटनांचे कारण वेगळे, करणारे वेगळे. तेथे स्वकीय राजाने स्वधर्मीयांचेच मठ मोडले आणि बहुतेक साधूंना निवृत्तिवेतन देऊन वाटेस लावले. येथे परक्या सत्तेने दुसऱ्याचा धर्म मोडावयाचा ठरविला होता. तरी पण ज्या एका गोष्टीने आमचे मन खिळून राहते ती अशी : तेथे इमारत राहिली आणि उपासना गेली, येथे इमारत गेली आणि उपासना राहिली. इंग्रज प्रवाशाला आपला इतिहास एका जागी उभा सापडतो. आपला इतिहास मात्र जागेवर नाही, तो वाटेवर आहे. करमळीत जाऊन ब्रह्मदेवाचे देऊळ दिसणार नाही, आणि ब्रह्मकरमळीत जाऊन करमळी दिसणार नाही. दोहोंमधले अंतर स्वतः कापल्यावाचून ह्या कथेचा अर्थ लागत नाही.

सायकल ही काही आपल्या मुलखाला परकी वस्तू राहिलेली नाही. केरीहून चोर्ला घाट चढून गेले की बेळगावचा रस्ता लागतो. त्या बेळगावात १८८८ साली, म्हणजे डनलॉपने टायर काढला त्याच वर्षी, किर्लोस्कर बंधूंनी सायकलींचे दुकान घातले. लक्ष्मणराव तेव्हा मुंबईस यंत्रशाळेत शिकवीत. ते तेथून सायकली पाठवीत आणि रामूअण्णा त्या बेळगावात विकत. एका सायकलीस सातशे ते हजार रुपये पडत, आणि चालवावयास शिकविण्याचे पंधरा रुपये निराळे! ज्या काळी मास्तराचा महिन्याचा पगारही त्याहून फारसा अधिक नसे, त्या काळी सायकल म्हणजे संस्थानिकांची आणि साहेबांची चैन होती. पुढे लोखंडी नांगर आणि किर्लोस्करवाडी ह्यांनी त्या घराण्याचे नाव गाजले, परंतु आरंभ सायकलीच्या दुकानातून झाला. नंतर १९२३ च्या ऑक्टोबरात मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलीवरून जगप्रदक्षिणेस निघाले. त्यांतील आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे सुमारे चव्वेचाळीस हजार मैल हिंडून १९२८ च्या मार्चात परतले. ज्यांना जगाची प्रदक्षिणा साधली त्यांच्यापुढे आमची पन्नास किलोमीटरची वाट म्हणजे पोरखेळच. पण देवाने जी वाट चालली तिची लांबी मैलांनी मोजू नये.

प्रवासाला कार्तिक ते माघ हा काळ उत्तम. पावसाळ्यात सत्तरीचे व्हाळ रस्त्यावर येतात, आणि चैत्रानंतर जांभ्याच्या सड्यावरचे ऊन सोसवत नाही. पहाटे वाळपईहून निघून प्रथम उलट दिशेस, म्हणजे ब्रह्मकरमळीस जावे. रस्ता सरळ नाही. टेकडीच्या कुशीतून वर चढतो, काजूच्या बागेतून खाली उतरतो, पोफळीच्या कुळागराला वळसा घालतो आणि पुन्हा चढतो. इंग्लंडच्या टेकड्यांची छायाचित्रे पाहून ज्यांचे मन मोहते त्यांनी मार्गशीर्षातील पहाटे ही सत्तरी पाहावी. उतरणीवर धुक्यात शिरताना अंगावर काटा येतो, आणि चढणीवर सायकल हाती धरून चालावे लागले तर त्यात कमीपणा मुळीच नाही.

वाटेत गावोगाव सातेरीची देवळे दिसतात. सातेरी म्हणजे मूळची रोयण, वारुळाच्या रूपाने प्रकटलेली भूमिदेवता. तिच्याबरोबर गावोगाव राखणदार आहेत. हे येथले मूळचे धनी. तिसवाडीचा देव येथे आला तो रिकाम्या रानात आला नाही. त्याच्याआधी येथे गाव होते, गावकर होते, त्यांचे देव होते. त्यांनी पाहुण्या देवाला जागा दिली. स्थलांतराच्या कथा सांगताना आपण नेणाऱ्यांचे धैर्य गातो आणि ठेवून घेणाऱ्यांचे औदार्य विसरतो, ही आपली चूक आहे. त्या वेळी हा मुलूख विजापूरच्या आदिलशाहीत होता, म्हणजे ज्या सत्तेकडून पोर्तुगिजांनी १५१० साली गोवा बेट हिसकावले तिच्याच अंमलाखाली. मुसलमान सुलतानाच्या हद्दीत हिंदूंचे देव सुरक्षित राहिले, हेही इतिहासाने नोंदवून ठेवलेले आहे, आणि ते प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

ब्रह्मदेवाची मूर्ती कदंबकालीन, काळ्या पाषाणाची. चतुर्मुख, चतुर्भुज, उभी. दोन्ही बाजूंस सरस्वती आणि सावित्री. ब्रह्मदेवाची पूजा भारतात विरळा. पुष्करचे नाव सर्वांच्या तोंडी असते. पण गोमंतकात, एका आडवळणी खेड्यात, इतकी देखणी मूर्ती नित्य पूजेत आहे हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? हातांतील स्रुक, पुस्तक, कमंडलू ह्यांची घडण, अंगावरील अलंकारांचे नाजूक काम पाहिले म्हणजे कळते की ही मूर्ती खेड्यातल्या लहान देवळासाठी घडवलेली नव्हे. जुन्या गोव्याच्या वैभवकाळी एका समृद्ध गावाने ती उभारली होती. १५४१ च्या सुमारास ती करमळीहून येथे आली. एवढी जड शिळा आणणाऱ्यांनी कोणती वाट धरली असेल? आमचे मत असे की नदीचीच. खाली जिला मांडवी म्हणतात तीच वर म्हादई. तिच्या पात्रातून होडी जाईल तेथवर होडीने आणि पुढे खांद्यावरून, रात्रीच्या रात्री. ह्याला कागदाचा आधार नाही, पण चढ चढून आलेल्या माणसाला तो सहज पटतो.

येथून परत वाळपई. जवळच म्हादईच्या काठी नानूसचा किल्ला आहे. २६ जानेवारी १८५२ रोजी दीपाजी राणे ह्यांनी तो घेतला आणि पोर्तुगिजांशी तीन वर्षांवर झुंज दिली. ह्या तारखेचे महत्त्व पुढे सबंध देशाला कळावयाचे होते. राण्यांच्या बंडांची हकीकत एका लेखात मावणारी नाही; येथे एवढेच सांगतो की सत्तरी, डिचोली आणि पेडणे हे महाल पोर्तुगिजांकडे आले ते फार उशिरा, १७८१ ते १७८८ च्या दरम्यान, आणि तोवर देवळे पाडण्याचा त्यांचा आवेश ओसरला होता. नव्या काबिजादीतील प्रजेच्या धर्माला हात लावणार नाही अशी हमी त्यांना द्यावी लागली. म्हणजे देव पळून आले, आणि अडीचशे वर्षांनी तीच सत्ता मागोमाग येथवर पोहोचली. पण तेव्हा तिचा हात आखडला होता.

वाळपई ते साखळी हा होंड्यावरून जाणारा तेरा-चौदा किलोमीटरचा रस्ता. वाटेत सायकलची साखळी उतरली तर साखळी गावाचे नाव घेऊन हसावे आणि बसवून पुढे जावे. वाळवंटीच्या काठी, कारापुरात, राण्यांचे आराध्य दैवत विठ्ठल आहे. त्याचा चैत्रोत्सव प्रसिद्ध आहे. हे दैवत पळून आलेले नव्हे, म्हणून आज तेथे नमस्कार करून निघावे. दोन-तीन किलोमीटर आत हरवळ्याचा धबधबा, रुद्रेश्वर आणि जांभ्यात कोरलेली लेणी आहेत. सहाव्या-सातव्या शतकातील ही लेणी पाहिली म्हणजे पटते की पाहुणे देव येण्यापूर्वी हजार वर्षे ह्या डोंगरात उपासना चालत होती.

साखळीहून डिचोली आठ-नऊ किलोमीटर. ह्या भागातला रस्ता सायकलस्वाराला आवडत नाही. खाणींनी डोंगर खरवडले आहेत, माती तांबडी आणि पाणी तांबडे. २०१२ साली खाणी बंद पडल्या, मग सुरू झाल्या, पुन्हा थांबल्या. त्या वादाचे हे स्थळ नव्हे. तोंडाला रुमाल बांधावा आणि पुढे व्हावे.

डिचोलीहून नार्व्याकडे वळले की वाट पुन्हा झाडीत शिरते आणि उताराला लागते. येथे सप्तकोटीश्वर. गोव्याच्या कदंब राजांचे हे कुलदैवत. त्यांच्या बिरुदावलीत आणि नाण्यांवर सप्तकोटीश्वराच्या वरप्रसादाचा उल्लेख असे. मूळ देऊळ दिवाडी बेटावर होते. चौदाव्या शतकात बहामनी फौजेने ते पाडले. विजयनगरचा मंत्री माधव ह्याने लिंगाची पुन्हा स्थापना केली. पुढे पोर्तुगिजांनी पाडले. ते लिंग एका विहिरीच्या कठड्यापाशी पाणी ओढण्याच्या कामी लावले होते, असे सांगतात. आम्हांस ही गोष्ट वाचताना नेहमी वाटते की देव फोडला असता तर तो कदाचित विस्मृतीत गेला असता. विहिरीवर ठेवला म्हणून तो रोज दिसत राहिला, आणि रोज दिसला म्हणूनच तो काढून नेण्याचे कोणाच्या तरी मनाने घेतले. डिचोलीकडच्या हिंदूंनी तो नदी ओलांडून आणला. लिंग पैलू पाडलेले आहे, त्यास धारालिंग म्हणतात.

नव्या जागी देव बरीच वर्षे साध्या आश्रयाला होता. डिचोली शिवछत्रपतींच्या ताब्यात आल्यावर त्यांनी देऊळ बांधावयाची आज्ञा दिली. दारावरील शिलालेखात शके १५९०, कार्तिक वद्य पंचमी, सोमवार असा दिवस आहे, म्हणजे १३ नोव्हेंबर १६६८. जे देऊळ दोनदा पडले ते तिसऱ्यांदा उभे राहिले, तेही तोडणाऱ्यांच्या नजरेसमोर, मधे फक्त एक नदी ठेवून. देऊळ भव्य नाही. उतरते कौलारू छप्पर, वर घुमट, पुढे दीपस्तंभ. राजाच्या हातून घडले असून त्याने डोळे दिपविण्याचा यत्न केलेला नाही. राज्य सरकारने अलीकडे जीर्णोद्धार केला आणि २०२३ साली ते पुन्हा लोकांस खुले झाले. सायकल झाडाला टेकवून, पाय धुऊन, गार फरशीवर थोडा वेळ बसावे. चाळीस किलोमीटरच्या श्रमानंतर त्या फरशीचे मोल कळते.

देवळापासून खाली नदीकाठी यावे. दर वर्षी गोकुळाष्टमीस पंचगंगेच्या ह्या तीर्थावर स्नानासाठी लोक जमतात. पलीकडे दिवाडी दिसते. देव येथे आला तरी तीर्थस्नान करणाऱ्याचे तोंड त्या किनाऱ्याकडेच राहिले, ह्यात पुष्कळ काही आले. फेरीबोट लागली की सायकल हाती धरून चढावे. पाणी रुंद नाही. विडा लावून संपेतो पलीकडचा धक्का येतो. आणि पलीकडच्या गावाचे नाव विचारले तर ते नार्वेच. एका नार्व्याहून निघून दुसऱ्या नार्व्यास उतरलो, आणि जी वाट देवाला सोळाव्या शतकात जीव मुठीत धरून ओलांडावी लागली ती आपण बोटीच्या इंजिनाचा आवाज ऐकत ओलांडली.

दिवाडीत कोटितीर्थाची जुनी तळी आहे, भातशेती आहे, शांतता आहे. मोटारी थोड्या, रस्ते सपाट. सायकलीसाठी ह्याहून चांगले बेट मिळणे कठीण. पाच-सहा किलोमीटर चालवून दुसऱ्या फेरीबोटीने जुन्या गोव्यास उतरावे. तेथील चर्चांपाशी यात्रेकरूंची गर्दी असते. त्यांच्या श्रद्धेविषयी आम्हांस आदरच आहे. आज तेथे प्रार्थना करणाऱ्या कोणाकडे साडेचारशे वर्षांपूर्वीचा हिशोब मागावयाचा नाही.

जुन्या गोव्याहून तीन-चार किलोमीटरवर करमळी. येथे एक मोठे तळे आहे. हिवाळ्यात त्यावर पाणपक्ष्यांचे थवे उतरतात. बांधावर सायकल आडवी करून बसावे. सकाळी ज्या मूर्तीपुढे हात जोडले तिचे हे माहेर. ती कोठे उभी होती हे दाखविणारे उंबरठा वा पायरी असे काही समोर नाही. तळे आहे, शेत आहे, आणि पलीकडे कोकण रेल्वेचे स्टेशन. त्याच्या पाटीवर करमळी हेच नाव लिहिलेले आहे. मुंबईहून कुलदेवतेच्या दर्शनास येणारी कुळावी मंडळी पुष्कळदा ह्याच स्टेशनावर उतरतात, भाड्याची गाडी करतात आणि पाण्याकडे न पाहता अंत्रुजाच्या वा डिचोलीच्या वाटेला लागतात.

परतीला बाणस्तारी, म्हार्दोळ, फोंडा, उसगाव करीत नानुसावरून वाळपईस जाता येते; त्या वाटेवरही स्थलांतरित देव आहेत, पण तो दुसऱ्या दिवसाचा विषय. त्याच दिवशी फिरावयाचे असेल तर फेरीबोटीच्या वेळा सकाळीच विचारून ठेवाव्या, आणि सायकलीला दिवा असावा. सत्तरीचा चढ अंधारात चढणे बरे नव्हे.